नार्व्यात नोकरी मिळतेय, जावं का?

नाशिकहून तुम्ही विचारलंय की एस्टोनियातल्या नार्वा शहरात कारखान्यात मेन्टेनन्सची नोकरी मिळतेय, राजधानी तालिन्नच्या मानाने घरं फारच स्वस्त दिसतायत, पत्नी आणि यंदा पहिलीत जाणारी मुलगी बरोबर येणार आहेत, तर हा भाग कसा आहे? मी इथेच इदा-विरू जिल्ह्यात, योह्वीला राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

हा एस्टोनियाचा ईशान्य कोपरा. उत्तरेला फिनलंडचं आखात, दक्षिणेला पेइप्सी सरोवर, पूर्वेला नार्वा नदी. पलीकडच्या काठावर रशियाचं इवानगोरोद. पुलावरून फक्त पायी जाता येतं आणि रात्री तोही बंद असतो. घरं स्वस्त आहेत, कारण कामं कमी झाली आणि तरुण माणसं निघून गेली.

नार्व्यात 1857 साली क्रेनहोल्मची प्रचंड कापडगिरणी उभी राहिली आणि 2010 मध्ये तिचं दिवाळं निघालं. गिरणगाव पाहिलेल्याला पुढचं सांगायला नको. आता जिल्ह्याचा मुख्य आधार ऑइल शेल. हा खडक खाणीतून काढून जाळला की वीज, तापवला की तेल. पण युरोपात हवेत कार्बन सोडण्याची किंमत मोजावी लागते, त्यामुळे हा धंदा आकसत चाललाय. पर्याय उभे करायला युरोपीय संघाने साधारण 35 कोटी युरो दिलेत आणि 2025 मध्ये नार्व्यात चुंबकांचा कारखानाही सुरू झाला. म्हणून पगाराआधी हे विचारा की तुमच्या कंपनीचं काम ऑइल शेलवर किती अवलंबून आहे. माझ्या मते निर्णय इथेच ठरतो.

आपल्यासारखी जिल्हा कचेरी शोधू नका. 2018 पासून जिल्हा प्रशासनच उरलेलं नाही. जिल्ह्यात आठ पालिका आहेत; शाळा आणि पत्त्याची नोंद त्यांच्याकडे, निवास परवाना पोलीस व सीमारक्षक खात्याकडे. परवान्यांचा वार्षिक कोटा लोकसंख्येच्या 0.1 टक्के, म्हणजे फारच तुटपुंजा. शिवाय परवान्यासाठी पगार साधारणपणे देशाच्या सरासरीइतका लागतो. इथले पगार त्याहून कमी असतात, तेव्हा करारातला आकडा नीट तपासा. तुमचं काम कोट्यात मोडतं का, हेही कंपनीकडून लेखी घ्या.

आता मुलीचं. नार्व्यात दहातले नऊहून जास्त लोक रशियन बोलतात. दुकानात, जिन्यात, बसमध्ये तीच भाषा कानावर पडेल, आणि सगळे तुम्हाला रशियनच शिका म्हणतील. ऐकू नका. 2024 पासून पहिलीचे वर्ग एस्टोनियन माध्यमात चालू झालेत, दीर्घकालीन निवासासाठी एस्टोनियनची बी-1, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा लागते, आणि पत्नीला शाळेत किंवा सरकारी नोकरी हवी असेल तर या भाषेशिवाय दार उघडत नाही. तिघांनीही निघण्यापूर्वीच शिकायला सुरुवात करा. रशियन कामापुरती इथे आपोआप येईल.

घर विकत घ्यायची घाई करू नका. इमारती बहुतेक सोव्हिएत काळातल्या आहेत. हीटिंग सगळ्या इमारतीला एकत्र येतं आणि हिवाळ्यात त्याचं बिल मोठं असतं. पहिला हिवाळा भाड्याने काढा, आणि भाडं ठरवण्याआधी घरमालकाकडून जानेवारी-फेब्रुवारीची बिलं मागून घ्या.