युटातले लोक वाइल्डरनेस विधेयकाला विरोध का करतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या युटा राज्यात फिरताना वाइल्डरनेसच्या विरोधातले फलक दिसले, तर निसर्ग राखणाऱ्या कायद्याला कुणी विरोध का करावा? मी बारा वर्षं सॉल्ट लेक सिटीत राहतो आणि त्या विरोधकांतलाच एक आहे, म्हणून लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. हा वाद जमीन विकण्याचा नाही. युटाची जवळपास दोन तृतीयांश जमीन आजही केंद्र सरकारचीच आहे. वाद आहे तो तिच्यावर कुणी काय करायचं याचा. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली एखादा भाग आला की तिथे गाडी बंद, मोटरवर चालणारी अवजारं बंद, नवा रस्ता नाही, सायकलसुद्धा नाही. आधीपासूनची गुरंचराई आणि व्हीलचेअर चालते. बाकी सगळ्यांनी पायी किंवा घोड्यावर जायचं. काही दऱ्या अशाच राहाव्यात, हे मलाही मनापासून वाटतं.

माझा विरोध ‘अमेरिकाज रेड रॉक वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’ या विधेयकाला आहे. १९८९ मध्ये ते युटाचेच खासदार वेन ओवेन्स यांनी मांडलं, पण पुढे कित्येक वर्षं न्यूयॉर्कचे खासदार मॉरिस हिंची आणि इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन ते पुन्हा पुन्हा आणत राहिले. अलीकडच्या मसुद्यात ८० लाखांहून जास्त एकर आहेत. ज्यांच्या मतदारांना इथला एकही रस्ता लागत नाही त्यांनी रेघ ओढायची, आणि गुरं पाळणाऱ्यांनी, पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्यांनी ती पाळायची, हे मला पटत नाही.

शिवाय शाळांचा प्रश्न आहे, तो बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा ३६ चौरस मैलांच्या प्रत्येक टाउनशिपमधले (जमीन मोजणीचा चौकोनी गट) चार चौरस मैल शाळांच्या उत्पन्नासाठी राज्याला मिळाले. सरकारी जमिनीत ते चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे विखुरलेले आहेत. भोवती वाइल्डरनेस झालं की ते आत अडकतात. अदलाबदलीची सोय कायद्यात आहे, पण प्रत्यक्ष व्यवहार वर्षानुवर्षं भिजत पडतो.

आता उलट उदाहरण पाहा. युटातल्याच एमरी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) गुरं पाळणारे, जीपवाले, निसर्गसंस्था आणि काउंटीचे लोक दोन दशकांहून जास्त काळ एकत्र बसून भांडले. त्यातून २०१९ चा कायदा आला: सुमारे ६ लाख ६३ हजार एकर वाइल्डरनेस, शेजारी सॅन राफाएल स्वेल या खडकाळ प्रदेशातलं मनोरंजन क्षेत्र, आणि शाळांच्या चौकोनांच्या अदलाबदलीची तरतूद. त्याला मी आनंदाने पाठिंबा दिला.

विरोधकांच्या आडून तेल आणि खाणींवाले आपलं घोडं पुढे दामटतात, हे खरं आहे. इथल्या काळ्या, खडबडीत जिवंत मातीवरून एक चाक गेलं तरी व्रण कित्येक वर्षं राहतो, तेही मी पाहिलंय. पण त्यासाठी ती वाट बंद करा. सरकारी जमीन सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याला तो अधिकार आजही आहे आणि चूक झाली तर तो निर्णय बदलता येतो. वाइल्डरनेसची हद्द एकदा ठरली की ती हलवायला पुन्हा काँग्रेसच, म्हणजे अमेरिकेची संसदच लागते.

तुमच्या ओळखीत कुणी अशा विधेयकावर सही मागितली तर आधी नकाशा मागा. रस्ता हद्दीबाहेर ठेवायचा असेल तर नकाशात देठासारखी चीर सोडलेली असते, तिला इथे ‘चेरी-स्टेम’ म्हणतात. ते देठ कुठे संपतात ते बघा. गेल्या ऑक्टोबरात बाबा आले होते, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. कच्च्या रस्त्याने गाडी थेट दरीच्या काठावरच्या वेज ओव्हरलुकपर्यंत गेली. पलीकडे सिड्स माउंटन वाइल्डरनेस, खाली नदी. दरीच्या कडेपासून थोडं मागे खुर्ची टाकून बाबा सूर्य मावळेपर्यंत बसून होते.