आधी पावले मोज

प्रिय स्नेही,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. खेड्यातले ते जुने घर अखेर ताब्यात आल्याचा आनंद ओळीओळीतून जाणवत होता, आणि शेवटच्या पानावरची कामांची यादीही मी दोनदा वाचली. मागची भिंत पाडून स्वयंपाकघर वाढवायचे, छपरावर पाण्याची टाकी चढवायची, तीन बाजूंनी झाडे लावायची, कोंबड्या पाळायच्या, भाजीचे वाफे करायचे, आणि हे सगळे पहिल्या चार महिन्यांत उरकायचे! यातले एकही काम वाईट नाही. पण घराशी अजून ओळखही झालेली नसताना ती ठरली आहेत, आणि अशा घरात घाईने ठरवलेली गोष्ट पुढे वर्षानुवर्षे पायांना भोगावी लागते. पायांना, असे मी मुद्दाम लिहिते आहे.

माझेच उदाहरण सांगते. मी पहिले खुराडे बांधले तेव्हा दुर्गंधीच्या धास्तीने ते आवाराच्या पार टोकाला, परसदारापासून 140 पावलांवर बांधले. कोरड्या दिवसांत ते अंतर फेरफटक्यासारखे वाटत असे. पाऊस लागल्यावर मात्र वाट निसरडी झाली, दिवस लवकर मावळू लागला, आणि रोज तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन खुराड्याचे दार लावायला जाणे जिवावर येऊ लागले. एका मुसळधार रात्री मी गेलेच नाही. सकाळी नऊपैकी दोन कोंबड्या उरल्या होत्या, आणि दाराच्या फळीपासून कुंपणापर्यंत पिसे चिखलात रुतलेली होती. त्या जनावराला मी काय दोष देणार? मधली 140 पावले मीच आखली होती. दुसरे खुराडे मी 25 पावलांवर, घराकडून वारा वाहतो त्या बाजूला बांधले, आणि तेव्हा कळले की दुर्गंधी अंतराने कमी होत नाही, खालचा भुसा कोरडा ठेवल्याने होते. उग्र वास सुटतो तो भिजलेल्या भुशाला.

नंतर एकदा मी हिशेब मांडला. दिवसातून दोनदा 140 पावले जाऊन येणे म्हणजे रोजची 560 आणि वर्षाची दोन लाखांहून अधिक पावले. 25 पावलांवर तेच काम वर्षाला 36,500 पावलांत होते. म्हणून तुझ्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे तेथे दिवसातून किती वेळा जावे लागेल ते लिही. कोंबड्या, सरपण, रोज खुडायच्या भाजीचे वाफे आणि खताचा ढीग परसदाराच्या जवळ असू दे; महिन्यातून एकदा बघायच्या गोष्टी खुशाल लांब जाऊ देत. ओली वाट आणि भरलेले हात गृहीत धरूनच मोजणी कर.

पाण्याचे प्रकरण मोठे आहे, आणि येथे मी तुला सर्वांत अधिक थांबवणार आहे. पहिला जोराचा पाऊस पडेल तेव्हा खिडकीत न बसता छत्री घेऊन बाहेर उभे राहायचे आणि घराभोवती सावकाश एक फेरी मारायची. पाणी कोठून आवारात शिरते, पागोळ्या कोणत्या भिंतीच्या पायाशी पडतात, कोठे डबके साचते, आणि पाऊस थांबल्यावर ते किती वेळात जिरते, हे त्या अर्ध्या तासात जितके कळेल तितके कोणताही गवंडी कोरड्या दिवशी सांगू शकणार नाही. मागच्या भिंतीला ओल आहे, म्हणून ती पाडावी असे तू म्हणतेस तर खरे, पण फुटलेल्या पन्हळीमुळे किंवा बाहेरून भिंतीला टेकून चढत गेलेल्या मातीमुळेही तशी ओल येते. पन्हळ बदलून आणि माती उतरवून एक पाऊस जाऊ दे. शिवाय जुन्या घरात छपराचा भार कोणत्या भिंतीवर आहे हे जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय भिंतीला पहारही लावू नये. आणि दगडमातीची भिंत असेल तर तिला सिमेंटचा गिलावा करू नकोस, कारण आतला ओलावा मग बाहेर पडू शकत नाही. चुन्याचा गिलावा तो पडू देतो.

छपरावरच्या टाकीबद्दल एवढेच सांगते की एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, म्हणजे हजार लिटरची भरलेली टाकी हा जुन्या वाशांवर ठेवलेला एक टन भार आहे. त्याऐवजी उंचवट्यावर किंवा वेगळ्या भक्कम चौथऱ्यावर ती बसव. नळापासून वर प्रत्येक मीटर उंचीमागे साधारण 0.1 बार दाब मिळतो, तेव्हा तीन मीटरवरच्या टाकीतून भांडी नीट धुता येतील, जोरदार फवाऱ्याची अपेक्षा मात्र नको.

छपराचा खरा उपयोग पाणी धरण्यासाठी कर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. 80 चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 800 लिटर, आणि उडून, सांडून त्यातले 600 हाती लागले तरी वाफ्यांची बरीच सोय झाली. पहिल्या सरीचे पाणी छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन उतरते, ते वाहून जाऊ दे. टाकीत उजेड शिरला की शेवाळ धरते, म्हणून झाकण घट्ट हवे आणि तोंडाला बारीक जाळी हवी. विहिरीचे पाणी नितळ दिसते म्हणून ते शुद्ध आहे असे समजू नकोस. वर्षातून एकदा जिवाणू आणि नायट्रेट यांची तपासणी करून घे. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून शक्य तितका लांब, निदान 30 मीटरवर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. पावले वाचवण्याचा माझा सगळा उपदेश या एका ठिकाणी विसरून जा.

झाडांना एक वर्ष थांबू दे. वर्षातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवशी घराची सावली कोठवर पोहोचते तेथे खुंट्या ठोकून ठेव, मग जागा आपोआप ठरतील.

खताच्या ढिगासाठी मात्र एक दिवसही थांबू नकोस. लांबी, रुंदी आणि उंची सुमारे एकेक मीटर असावी, कारण त्याहून लहान ढीग ऊब धरत नाही. वाळका पाला जास्त, हिरवा कचरा कमी, आणि ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेव. रात्री ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि सकाळी उपसून तिचे टोक चाचपायचे, हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. ढीग नीट जमला असेल तर आत 55 अंशांच्या वर उष्णता जाते आणि सळई हातात धरवत नाही. थंडीच्या पहाटे तो उकरला की वाफ निघते, आणि ती पाहताना मला अजूनही आपण काहीतरी मोठे काम केल्यासारखे वाटते. हसायचे असेल तर हस.

कोंबड्या आल्या की पहिले काही दिवस कोणती केव्हा अंडे देते याची नोंद ठेवून बघ. एक अंडे तयार व्हायला 24 तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, त्यामुळे तीच कोंबडी रोज जरा उशिरा बसते, आणि सरकत सरकत एक दिवस खाडा करते. पुढे दिवस लहान झाले की अंडी कमी होतील; ते आजारपण नव्हे, घाबरू नकोस. खुराड्यातून काढलेले ऊन अंडे गार तळहातावर काही क्षण नुसते धरून ठेवावे, त्यासाठी तरी सकाळची ती फेरी दुसऱ्या कोणावर सोपवू नये.

परसदाराच्या दिव्याचे बटण आतल्या बाजूला ठेव, आणि रात्रभर आपोआप जळणारा दिवा लावूच नकोस. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एकदा दिवा लागला की ती सगळी वाया जातात. खुराड्याचे दार लावून झाल्यावर मी पायरीवर तेवढा वेळ बसते. आकाश स्वच्छ असेल तर आकाशगंगेचा पट्टा हळूहळू उमटत जातो, आणि खुराड्यात कोंबड्यांची जागेवरून कुरकुर चाललेली ऐकू येत असते. 140 पावलांवरून ती कधीच ऐकू आली नव्हती.

पुढच्या पत्रासोबत आवाराचा हाताने काढलेला नकाशा पाठव. प्रमाण चुकले तरी चालेल; परसदारापासूनची पावले प्रत्येक जागेवर लिही, आणि पहिल्या पावसानंतर पाण्याची वाट बाणांनी दाखव. खुराड्याची जागा तो हाती आल्यावर नक्की करू.

तुझी,
म्हातारी शेजारीण