वाचक विचारतात: कपाळातली पोकळी आणि कवटीची शस्त्रक्रिया

प्रश्न: आईच्या कपाळामागे मेनिंजिओमाची (मेंदूच्या आवरणातून वाढणारी) गाठ आहे. भुवईवर छोटा छेद घेऊन ती काढायचं ठरलं होतं. सीटी स्कॅन पाहून सर्जन म्हणाले, "सायनस मोठा आहे, केसांच्या रेषेमागून जाऊ." आईला सायनसचा त्रास कधीच नव्हता. मग हे कुठून आलं?

उत्तर: इथे सायनस म्हणजे आजार नव्हे, भुवयांमागच्या हाडातली हवेची पोकळी. ती जन्मतः नसते. साधारण सहा-सात वर्षांनंतर एक्स-रेवर दिसू लागते आणि विशीच्या आसपास वाढायची थांबते. डावा आणि उजवा सायनस स्वतंत्रपणे वाढतात, म्हणून मधला पडदा सहसा मधोमध नसतो. काहींत एक बाजू तयारच होत नाही, तर काहींत पोकळी पार कपाळाच्या कडेपर्यंत पसरते.

डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवर बोट आतून बाहेर सरकवा. बऱ्याच जणांना एक खाच लागते. भुवईवरून जाताना हाडाची खिडकी शक्यतो या खाचेच्या बाहेरच्या अंगाला ठेवतात. आईचा सायनस खाचेपलीकडे गेलेला असेल, तर ती खिडकी थेट सायनसमध्येच उघडेल. सायनस नाकाला जोडलेला असतो. तिथले जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेले, तर मेनिंजायटिस (त्या आवरणाचा संसर्ग) होऊ शकतो.

म्हणून १ मिमी किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी तिन्ही दिशांनी पाहतात. मध्यरेषेपासून रुंदी, भुवईपासून उंची आणि डोळ्याच्या छतावरून मागे गेलेला भाग, हे सगळं मोजतात. नेव्हिगेशन यंत्र (स्कॅनवरून डोक्यावरची नेमकी जागा दाखवणारं) असेल तर सायनसची कड कपाळावर आखूनच छेद ठरतो. पूर्वी सहा फुटांवरून एक्स-रे काढायचे (इतक्या अंतरावरून आकार फारसा फुगत नाही), फिल्ममधला सायनस कात्रीने कापायचे आणि निर्जंतुक करून हाडावर ठेवायचे. युक्ती साधी, पण कामाची.

एवढं करूनही सायनस उघडू शकतो. खरा फरक पडतो तो पुढे काय करतात यावर. भोकात नुसतं हाडासाठीचं मेण दाबून भागत नाही. मोठं भोक असेल तर सायनसचं आतलं अस्तर पूर्ण काढावं लागतं. हे अस्तर हाडातल्या शिरांच्या बारीक खड्ड्यांत शिरलेलं असतं, ओढून सगळं निघत नाही. म्हणून डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेल्या फिरत्या टोकाने) हाड घासतात. मग नाकाकडची वाट चरबी किंवा स्नायूच्या तुकड्याने बुजवून वर हाडावरच्या आवरणाचा रक्तपुरवठा शाबूत असलेला पदर पसरतात. सायनसला लागलेली हत्यारं बाजूला काढतात. अस्तर उरलं तर कित्येक वर्षांनी म्युकोसील (शेंबूड साठून फुगणारी पिशवी) होऊन डोळा बाहेर ढकलला जाऊ शकतो.

प्रश्न: अशाच शस्त्रक्रियेनंतर खाली वाकलं की नाकातून पाणी ठिबकतं. सर्दी असेल का?

उत्तर: एकाच नाकपुडीतून, पाण्यासारखं पातळ आणि चवीला खारट येत असेल, तर सर्दी समजू नका; ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. आजच सर्जनला कळवा. ताप, मान आखडणं किंवा वाढती डोकेदुखी असेल तर थेट इमर्जन्सीत जा. स्वच्छ बाटलीत नाकातलं थोडं पाणी जमलं तर घेऊन जा. त्यात बीटा-२ ट्रान्सफेरिन (मेंदूभोवतालच्या पाण्याची ओळख पटवणारं प्रथिन) तपासता येतं. तोवर नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, शौचाला जोर करू नका.