वजनाची धास्ती घेणाऱ्या मुली पुढे सिगारेटकडे वळतात, हे खरं आहे का?

मुलगी अकरावीत, दिवसभर ‘मी जाडी दिसते’ म्हणते, डबा तसाच परत आणते, आणि अशा मुली सिगारेटला लागतात असं वाचून तुम्ही धसका घेतलाय. सगळ्या लागत नाहीत. पण संबंध आहे, हे खरं.

मी ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक आहे. मुली स्टाइल मारायला ओढतात, असा सरसकट समज. समोर बसून बोलायला लागल्या की वेगळंच निघतं. ‘मॅम, दुपारी कटिंग आणि एक सुट्टा मारला की संध्याकाळपर्यंत भूकच लागत नाही.’ म्हणजे ते तिचं डाएट असतं!

आणि ती थापा मारत नसते. निकोटिन मेंदूतल्या ज्या पेशी ‘पोट भरलं’ असं सांगतात त्यांनाच चाळवतं, म्हणून भूक मरते. कंपन्यांनी हे कधीच हेरलं होतं. १९२०च्या दशकाअखेर लकी स्ट्राइकची अमेरिकेतली जाहिरात बायकांना सांगायची, गोड खाण्याऐवजी आमची सिगारेट घ्या. मिठाईवाले खवळले होते म्हणे, तब्येतीसाठी नव्हे, धंद्यासाठी. १९६८ साली फिलिप मॉरिसने बायकांसाठी सिगारेट काढली, तिचं नावच व्हर्जिनिया स्लिम्स.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सातवी ते दहावीच्या मुलामुलींचा अभ्यास १९९४ साली छापून आला. जाड होण्याची भीती असलेल्या, सतत डाएट करणाऱ्या मुलींनी वर्षभरात सिगारेट सुरू करण्याचं प्रमाण जास्त निघालं. मुलग्यांत तसं दिसलं नाही. (त्यांचं जिम आणि पावडरीचं खूळ हा वेगळा विषय.)

खरी गोची सोडताना होते. सिगारेट सुटली की वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. जिने वजनासाठीच सुरू केली, ती दोन किलो वाढले की परत टपरीवर. गंमत म्हणजे ओढणाऱ्यांचं एकूण वजन कमी भरलं तरी पोटावरची चरबी जास्त असते. माझ्याकडच्या मुलींना कॅन्सरपेक्षा हे जास्त लागतं.

तेव्हा आत्ताच तिचे खिसे तपासू नका. आधी लग्नाकार्यात ‘अगं, किती सुटलीस!’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना गप्प करा, तुम्हीही वजनावरून बोलू नका. डबा रोजच परत येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुढेमागे ओढते असं कळलंच, तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन आहे, म्हणजे तंबाखू-सिगारेट सोडायला मदत करणारी फोनसेवा. फोनवर वजनाच्या भीतीचं आधी सांगायचं, बाकीचं मग.