लेझर डायोडवर पहिला मायकेल्सन लावताना

मायकेल्सन म्हणजे प्रकाशाचा किरण दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणणारी आणि त्यातून उजेड-अंधाराचे पट्टे दाखवणारी मांडणी. त्यासाठी ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड घेतलास ते बरं केलंस, ठिपका निदान दिसतो. (डोकावायचं मात्र नाही, आरशावरून परतलेल्या किरणातही नाही.) सुरुवातीला एवढंच सांभाळ:

१. आधी थ्रेशोल्ड करंट शोध, म्हणजे ज्या करंटपासून डायोड खरा लेझर म्हणून चालू लागतो तो. करंट हळूहळू वाढव, फोटोडायोडचं (प्रकाश मोजणाऱ्या डिटेक्टरचं) रीडिंग लिहीत जा. आलेख जिथे एकदम उभा चढतो तो थ्रेशोल्ड. त्याच्याखाली तुझा लेझर जवळपास एलईडीच. वीसेक नॅनोमीटर रुंद वर्णपटाच्या लाल प्रकाशाची कोहेरन्स लांबी (दोन वाटांच्या लांबीत साधारण एवढाच फरक चालतो) जेमतेम २० मायक्रोमीटर भरते, मग पट्टे दिसणार कुठून? ऐन थ्रेशोल्डलाही थांबू नकोस, तिथे नॉइज फार. बऱ्यापैकी वर चालव, पण डेटाशीटची कमाल मर्यादा ओलांडू नकोस.

२. परत येणारा प्रकाश. माझ्या मते नवख्यांचे निम्मे घोळ इथलेच. भिंग, फिल्टर, फोटोडायोडची काच, सगळं किंचित तिरकं ठेव. अगदी सरळ समोर ठेवलेली काच थोडा प्रकाश डायोडमध्येच परत ढकलते, पट्टे नाचू लागतात आणि लोक बिचाऱ्या टेबलाला दोष देतात.

३. हीटसिंक लाव, तापमान स्थिरावू दे. पट्टे मधूनच झटक्यात उडी मारतात ती बहुधा मोड बदलल्यामुळे, म्हणजे लेझरची तरंगलांबी एकदम किंचित सरकल्यामुळे.

पोलरायझेशन (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) सहसा लांबट ठिपक्याच्या अरुंद बाजूच्या दिशेने असतं. पोलरायझर फिरवून खात्री कर.

लाइनविड्थ (लेझरच्या वर्णपटाची रुंदी) मोजणं वगैरे सध्या राहू दे. आणि हो, डायोडला हात लावण्याआधी अर्थिंगचा मनगटपट्टा बांध, अंगावरच्या स्थिर विजेपासून डायोड वाचवायला.