वाचकांचे प्रश्न : स्पेक्ट्रम फाइलमध्ये साठवताना

एसडीआरवर (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओवर) स्पेक्ट्रम रेकॉर्ड करून पुन्हा वाजवण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे आकडे आठ बिटांच्या आरटीएल-एसडीआर डोंगलचे आणि सेकंदाला २.४ मेगासॅम्पल (२४ लाख मोजमापे) या वेगाचे समजावेत.

प्रश्न : नुसता आवाज एमपीथ्रीत साठवला तर तासाला पन्नास-साठ एमबी लागतात. आय-क्यू (कच्च्या रेडिओ सिग्नलच्या) रेकॉर्डिंगने मात्र डिस्क बघता बघता भरते. एवढी जागा घालवून हाती काय येते? आणि ती कमी कशी करायची?

ऑडिओ साठवला की मोड, फिल्टरची रुंदी, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारी पातळी), नॉच (एखादाच सूर कापणारा फिल्टर) हे सगळे निर्णय त्या क्षणी पक्के होतात. आय-क्यू फाइलमध्ये डिमॉड्युलेशनच्या, म्हणजे सिग्नलमधून आवाज काढण्याच्या, आधीचा अख्खा पट्टा असतो. तीच दहा मिनिटे एकदा एका स्टेशनवर ऐका, मग शेजारच्यावर. एएमवर शिट्टी येत असेल तर एकच साइडबँड घेऊन बघा. डिकोडर फसला तर दुसरा लावा.

जागेचा हिशोब सरळ आहे. प्रत्येक सॅम्पलला आय आणि क्यू असे दोन आकडे. आठ बिटांत सेकंदाला ४.८ एमबी, म्हणजे तासाला १७.२८ जीबी. १६ बिटांच्या वेव्ह फाइलला ३४.५६ जीबी, ३२ बिट फ्लोटला ६९.१२ जीबी. डोंगल मुळात आठच बिट देतो, त्यामुळे त्याचा कच्चा प्रवाह फ्लोटमध्ये साठवून गुणवत्ता तसूभरही वाढत नाही.

जागा वाचवण्याचा पहिला उपाय म्हणजे वेगच कमी ठेवणे. या चिपला साधारण २२५ ते ३०० किलोसॅम्पल आणि ९०० किलोसॅम्पल ते ३.२ मेगासॅम्पल एवढेच वेग चालतात, मधले चालत नाहीत. २५० किलोसॅम्पलला तासाला फक्त १.८ जीबी लागतात. फिल्टरच्या उतारामुळे दोन्ही कडा मऊ पडतात, म्हणून यातला मधला ८० टक्के, म्हणजे २०० किलोहर्ट्झचा भागच भरवशाचा धरा.

दुसरा उपाय नंतरचा. हवा तो चॅनेल मध्यावर आणा, लो-पास फिल्टर लावा आणि मग ५० पट डेसिमेट करून, म्हणजे दर ५० सॅम्पलांतले एकच ठेवून, ४८ किलोसॅम्पलवर या. फिल्टर आधी, डेसिमेशन नंतर. क्रम उलटा झाला तर बाजूची स्टेशने तुमच्या चॅनेलवर येऊन बसतील. ही फाइल मात्र १६ बिटांतच लिहा. ५० पट डेसिमेशनने गोंगाट सुमारे १७ डीबीने कमी होतो आणि पुन्हा आठ बिटांत कोंबले की ती कमाई वाया जाते. तासाला साधारण ६९० एमबी होतील. झिपवर फार विसंबू नका. फाइलमधला बराचसा भाग गोंगाट असतो आणि गोंगाट आकसत नाही.

प्रश्न : १६ बिटांचे वेव्ह रेकॉर्डिंग दर वेळी साडेसात मिनिटांच्या आसपास थांबते. डिस्कवर जागा भरपूर आहे.

वेव्हच्या हेडरमध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे मर्यादा ४ जीबीची. सेकंदाला ९.६ एमबी या दराने ती ४४७ सेकंदांत गाठली जाते. काही प्रोग्राम २ जीबीलाच, म्हणजे पावणेचार मिनिटांच्या सुमाराला थांबतात. सेटिंगमध्ये आरएफ६४ हा प्रकार असेल तर तो निवडा, नाहीतर कच्ची फाइल लिहा. तरीही ४ जीबीलाच अडत असेल तर डिस्क फॅट३२ आहे का ते बघा. तिथेही एका फाइलला तीच मर्यादा आहे. एक्सफॅट, एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ वापरा.

प्रश्न : थेट ऐकताना सगळे स्वच्छ असते. रेकॉर्डिंग वाजवले की मध्येच टिकटिक होते आणि मिटिऑर या हवामान उपग्रहाच्या चित्रात पट्टे गहाळ असतात.

सॅम्पल गळत आहेत. एफएमवर गळती टिकटिक म्हणून ऐकू येते आणि तेवढ्यावर भागते. डिजिटल डिकोडरचे मात्र सिंक सुटते, आणि ते पुन्हा जुळेपर्यंत चित्रातला तेवढा भाग जातो.

गळती आहे की नाही हे कानावर सोडू नका, मोजा. घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटे रेकॉर्ड करा. आठ बिटांच्या कच्च्या फाइलचा आकार २८८ कोटी बाइट आला पाहिजे. चार-पाच कोटींनी कमी असेल तर जवळपास दहा सेकंदांचा माल गळाला.

मग दोष कुठे आहे ते शोधा. आरटीएल-टेस्ट हे साधन डोंगलला चढत्या आकड्यांचा प्रवाह सोडायला लावते आणि कुठे आकडा उडाला ते सांगते. ते त्याच वेगाने पाच मिनिटे चालवा. इथेच बाइट हरवल्याचे संदेश आले तर दोष यूएसबीचा: हब काढा, लांब केबल बदला, डोंगल दुसऱ्या पोर्टवर लावा, वेग ३.२ वर असेल तर २.४ वर आणा. ३.२ हा कागदावरचा आकडा आहे, त्यावर सॅम्पल गळणे नेहमीचेच. हे साधन डिस्कवर काहीच लिहीत नाही, त्यामुळे ते निर्दोष चालले आणि फाइल तरीही आखूड निघाली तर दोषी डिस्क. मेमरी कार्ड सरासरीने पुरेसे वेगवान असले तरी अधूनमधून क्षणभर अडते आणि तेवढ्यात बफर ओसंडतो. पंधरा मिनिटांच्या उपग्रह फेरीला १.०२४ मेगासॅम्पलने १.८४ जीबी लागतात. रॅम तेवढी असेल तर आधी रॅमडिस्कवर लिहा आणि फेरी संपल्यावर कॉपी करा. अँटिव्हायरसला तो फोल्डर वगळायला सांगा.

प्रश्न : रेकॉर्डिंगसाठी गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) किती ठेवावा? ऑटो चालेल का?

नाही. शेजारी एखादा जोरदार सिग्नल उठला की ऑटो गेन सगळा पट्टा खाली दाबतो, तो गेला की वर उचलतो. हे चढउतार फाइलमध्ये कायमचे उतरतात. ट्यूनरचा आणि चिपचा, असे दोन्ही एजीसी (ऑटो गेन) बंद करा.

आर८२०टी ट्यूनरमध्ये गेनच्या २९ पायऱ्या आहेत, ० ते ४९.६ डीबी. तळापासून सुरू करा. अँटेना लावलेली आणि काढलेली, अशा दोन्ही स्थितींत वॉटरफॉलच्या (स्पेक्ट्रमच्या सरकत्या चित्राच्या) वरच्या आलेखातला गोंगाटाचा तळ बघा. अँटेना लावल्यावर तळ ठळकपणे, म्हणजे ५ ते १० डीबीने वर येऊ लागला की थांबा. त्यापुढे गेन वाढवल्यास सिग्नल आणि गोंगाट सारखेच वाढतात; हाती काही येत नाही, वरची जागा मात्र कमी होते. आठ बिटांत एकूण वाव ५० डीबीच्या आसपास, तो जपून वापरावा लागतो.

नंतर अर्ध्या मिनिटाची चाचणी फाइल घेऊन कच्चे आकडे तपासा. ० आणि २५५ वारंवार दिसले तर सिग्नल छाटला जातोय. पट्ट्यात नसलेली स्टेशने भुतासारखी उगवतील आणि ती नंतर काढता येणार नाहीत. दोन-तीन पायऱ्या खाली या. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएम स्टेशने डोक्यावर असतील तर तेवढा पट्टा अडवणारा फिल्टर लावा. उलट आकडे १२७ आणि १२८ एवढ्यातच घुटमळत असतील तर गेन फारच कमी आहे. क्षीण सिग्नल फाइलमध्ये उतरलेलाच नाही. मागाहून व्हॉल्यूम वाढवून तो परत येत नाही.

प्रश्न : एकाने दिलेली जुनी फाइल आहे. नावात वेग नाही, फ्रीक्वेन्सी नाही. वाजवली की नुसती खरखर.

आधी आकड्यांचा प्रकार ओळखा. हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडून मधला एखादा शांत भाग बघा. बाइट १२६ ते १२९ च्या आसपास असतील तर चिन्हरहित आठ बिट, म्हणजे बहुधा आरटीएल-एसडीआर. ०, १, २ आणि २५४, २५५ यांची सरमिसळ असेल तर चिन्हासह आठ बिट. हॅकआरएफ (प्रसारणही करू शकणारा एसडीआर) असे लिहितो. दर दुसरा बाइट ० किंवा २५५ असेल तर १६ बिट. दर चौथा बाइट साधारण ५८ ते ६३ किंवा १८६ ते १९१ असेल तर ३२ बिट फ्लोट. हे चुकले की खरखरच येणार.

आता वेग. फाइलमध्ये एखादे स्टिरिओ एफएम स्टेशन असेल तर काम सोपे, कारण त्याचा पायलट टोन नेमका १९ किलोहर्ट्झवर असतो. अंदाजाने २ मेगासॅम्पल धरा, स्टेशन डिमॉड्युलेट करा आणि ऑडिओचा स्पेक्ट्रम बघा. पायलट १५.८३ किलोहर्ट्झवर दिसला तर खरा वेग २ × १९ ÷ १५.८३, म्हणजे २.४ मेगासॅम्पल.

स्टेशनांची आपसातली अंतरे बरोबर, पण मध्याच्या उजवीकडचे डावीकडे दिसत असेल तर आय आणि क्यू उलटे झाले आहेत. प्लेअरमध्ये त्यांची अदलाबदल करा. कच्च्या फाइलच्या सुरुवातीचा एकच बाइट कापला गेला तरी हेच होते. मधली फ्रीक्वेन्सी ओळखीच्या स्टेशनवरूनच ठरवावी लागेल.

एसडीआर शार्प, एचडीएसडीआर हे प्रोग्राम तारीख, वेळ आणि मधली फ्रीक्वेन्सी फाइलच्या नावातच घालतात; ते नाव बदलू नका. कच्च्या फाइलला सिगएमएफ पद्धतीची जोडफाइल द्या: आकड्यांचा प्रकार, वेग, फ्रीक्वेन्सी, सुरुवातीची वेळ यूटीसीमध्ये. गेन आणि अँटेनाही लिहून ठेवा, सहा महिन्यांनी लागते.

प्रश्न : रिसीव्हर तपासण्यासाठी रेकॉर्डिंग हॅकआरएफमधून पुन्हा सोडता येईल का?

येईल, पण केबलमधून. अँटेनावरून प्रसारण करायला परवाना लागतो, आणि दुसऱ्याच्या सेवेचे रेकॉर्डिंग हवेत सोडणे हा हस्तक्षेपच आहे. हॅकआरएफचे आउटपुट ० डीबीएमच्या (एक मिलीवॉटच्या) आसपास ठेवा आणि केबलमध्ये ३० डीबीचे दोन अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे जोड) लावा; रिसीव्हरला उणे ६० डीबीएम मिळेल. दुसऱ्या टोकाला हॅकआरएफच असेल तर अ‍ॅटेन्युएटर विसरणे महागात पडेल: त्याच्या इनपुटची कमाल मर्यादा उणे ५ डीबीएम आहे.

आरटीएलची फाइल आधी बदलावी लागते. प्रत्येक आकड्यातून १२८ वजा केले की चिन्हासह आठ बिट तयार. २५० किलोसॅम्पलची फाइल आठपट अपसॅम्पल करून २ मेगासॅम्पलवर न्या, कारण त्याखाली हॅकआरएफ नीट चालत नाही. मध्यावर कॅरियरची थोडी गळती राहते, म्हणून हवा तो सिग्नल मूळ रेकॉर्डिंगमध्येच मध्यापासून २००-३०० किलोहर्ट्झ बाजूला घेतलेला बरा. २५० किलोसॅम्पलच्या फाइलमध्ये तेवढी जागा नसते. तिथे अपसॅम्पल केल्यावर सिग्नल सरकवा.