चार वर्षांची कंबरदुखी आहे, डॉक्टर मणक्यात इंजेक्शन घ्या म्हणतात. घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वय ४२, चार वर्षं कंबर दुखतेय, एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगलेली दिसते, पाय मात्र ठणठणीत आहेत. मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात माझं औषधांचं दुकान आहे, २६ वर्षं काउंटरमागे उभा आहे आणि हे इंजेक्शन स्वतः दोनदा घेतलंय. पहिल्यांदा गुण आला, दुसऱ्यांदा नुसते पैसे गेले. तुमचं दुखणं माझ्या दुसऱ्या खेपेसारखं वाटतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली खेप सलाईनच्या बाटल्यांचा खोका खाली ठेवताना सुरू झाली. कंबरेत उसण भरली. तीन दिवसांनी कंबर मोकळी झाली, पण दुखणं उजव्या पायात उतरलं. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट करंगळीपर्यंत. शिंक आली की पायातून करंट जायचा. वरच्या फळीवरचं खोकल्याचं औषध काढायला चवड्यावर उभा राहिलो तर उजवी टाच उचलेचना, तेव्हा मात्र घाबरलो. शेवटच्या मणक्याखाली गादीचा तुकडा निसटून नसेवर बसला होता. लोक ‘मणक्यात गॅप आलीय’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. टाच हळूहळू उचलू लागली, पण कळ जाईना. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबॅलिनच्या गोळ्यांनी अशी गुंगी यायची की एका दिवसात दोन गिऱ्हाइकांना सुट्टे पैसे चुकीचे दिले. शेवटी बायकोने गल्ला ताब्यात घेतला. आठव्या आठवड्यात इंजेक्शनला तयार झालो.

पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवतात. डॉक्टर आणि सिस्टर शिशाचे एप्रन घालून, वर सी-आर्म या एक्स-रे यंत्राचं धूड. आधी कातडी बधिर करतात, ती टोचणी मुंगळा चावल्यासारखी. मग लांब सुई एक्स-रेमध्ये बघत बघत नसेपर्यंत नेतात आणि एक्स-रेत दिसणारा थोडा डाय सोडून ती जागेवर आहे का, रक्तवाहिनीत तर नाही ना, हे तपासतात. खरं औषध, म्हणजे स्टिरॉइड, जाताना पायात दाब भरला आणि तीच कळ त्याच वाटेने करंगळीला गेली. डॉक्टरांनी विचारलं, “हाच का तुमचा त्रास?” मी म्हटलं, “हाच.” आमच्यात झालेलं सगळ्यात कामाचं बोलणं ते एवढंच. वीस मिनिटांत बाहेर.

त्या संध्याकाळी पाय हलका, मी खूश. ती भूल होती. सकाळी कळ परत हजर आणि बायकोचा चेहरा ‘गेले पैसे’ असा. स्टिरॉइडला लागू पडायला काही दिवस लागतात हे गिऱ्हाइकांना सांगणारा मी, स्वतःच विसरलो होतो. पाचव्या दिवशी उठलो तर पाय जवळजवळ शांत. मधल्या काळात चेहरा लाल झाला होता, एक रात्र झोप नाही आणि साखर, जी एरवी गोळीवर काबूत असते, ती २८० वर गेली. मधुमेह असेल तर याची तयारी ठेवाच, आठवडाभर ग्लुकोमीटर हाताशी हवा.

या इंजेक्शनने गादी जागेवर बसत नाही, हे मात्र नीट समजून घ्या. नसेवर नुसता दाब नसतो, गादीतला गर बाहेर आल्याने तिथे सूज आणि जळजळही असते. स्टिरॉइड ती शांत करतं. निसटलेला तुकडा बऱ्याच जणांत शरीर स्वतःच काही महिन्यांत जिरवतं. तोवरचे दिवस निभावायला हे औषध. माझे तसे निभावले.

दीड वर्षाने दुसरी खेप. या वेळी पाय ठीक, नुसती कंबर, बसून उठलं की लाकडासारखी आखडलेली. मला वाटलं, मागच्या वेळी लागू पडलं, आताही पडेल. दुसऱ्या एका शहरात गेलो. तिथे तपासायच्या आधीच तीन इंजेक्शनांचं पॅकेज समोर ठेवलं, तिन्ही एकदम घेतली तर सवलत. साड्यांचा सेल वाटला मला. ठरवून तीन टोचायला काही आधार नाही, पहिल्याचा परिणाम बघूनच दुसऱ्याचा विचार करायचा असतो. तरी एक घेतलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी कंबर जिथल्या तिथे. बाकीची दोन घेतली नाहीत. बिल बघून धंद्याच्या सवयीने हसू आलं, कारण स्टिरॉइडची कुपी स्वस्तातली चीज. पैसे लागतात ते ऑपरेशन थिएटर, सी-आर्म आणि डॉक्टरांच्या हाताचे. ते लागणारच, पण कशासाठी हे आपल्याला माहीत हवं.

घरी येऊन वाचायला बसलो, हे खरं आधी करायला हवं होतं. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१६मध्येच सांगितलंय की नुसत्या कंबरदुखीवर मणक्यातली इंजेक्शनं देऊ नका, ताज्या आणि तीव्र सायटिकात, म्हणजे नस दबून पायात कळ जाते त्यात, एपिड्युरलचा (नसांभोवतीच्या जागेत द्यायच्या इंजेक्शनचा) विचार करा. २०२५च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञ गटाने तर तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात, पायात कळ जात असली तरी, ही इंजेक्शनं नकोत असं स्पष्ट म्हटलं. वेदनांवर उपचार करणाऱ्या (पेन) डॉक्टरांनी त्यावर बराच आक्षेप घेतला. त्या वादात मी पडत नाही, पण तुमच्यासारख्या केसमध्ये दोन्ही कागद एकाच बाजूचे आहेत.

आणि त्या फुगलेल्या गादीला एवढं घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासलेल्या अभ्यासांचा २०१५चा एक आढावा आहे. त्यात चाळिशीच्या निम्म्या लोकांत गादी फुगलेली सापडली. माझ्याकडे एमआरआयची पिशवी घेऊन गोळी मागायला येणाऱ्यांना हे सांगितलं की पटत नाही, तो भाग वेगळा.

एक अपवाद सांगतो. मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांतून, म्हणजे फॅसेटमधून, दुखत असल्याचा डॉक्टरांना संशय असेल तर आधी नुसत्या भुलीचं चाचणी इंजेक्शन देतात. त्याने चांगला फरक पडला तरच त्या सांध्याची नस जाळायचा विषय निघतो. नाइसनेही निवडक रुग्णांत ही वाट मोकळी ठेवलीय. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: इंजेक्शन नेमकं कुठे, कुठल्या दुखण्यावर आणि नाही लागू पडलं तर पुढे काय? चांगला डॉक्टर चिडत नाही.

घ्यायचंच ठरलं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे चालू असतील तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. गाडी चालवत परत येऊ नका. मोठे धोके विरळ आहेत, पण आहेत: जंतुसंसर्ग, नसेला इजा, क्वचित लकवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

मला शेवटी कशाने फरक पडला, तर फिजिओथेरपिस्टने तीन महिने रडवलं त्याने, आणि दुकानात केलेल्या एका बदलाने. जड खोके आता खाली नसतात, कंबरेच्या उंचीच्या फळीवर असतात. कंबरेला पट्टा लावून बसायची सवयही सोडली. कंबर अजून दुखते, महिन्यातले चार-पाच दिवस. त्या दिवशीही सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येतो, पण हळू.

लघवी-संडासचा ताबा सुटला, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर इथली उत्तरं वाचत बसू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा. आणि पायात कळ जाते पण प्रश्नात लिहायची राहिली, असं असेल तर खाली कळवा. मग माझं उत्तर बदलेल.